फेस न आलेला खडा

लाखणवाडी, ता. वैजापूर
४ मार्च २०२५

अपेक्षाबेटा,

वैजापूरहून दुपारच्या एसटीनं खोकं पाठवतोय. पार्सलवाल्यानं आत काय म्हणून विचारलं. दगड म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् वजन केलं. आत सात दगड हायेत अन् सातांना सात चिठ्ठ्या. बद्रीनाथ सर म्हणायचे, चिठ्ठी नसलेला दगड रस्त्यावर पडलेल्या दगडासारखाच. तुझ्या वडलांना जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांनी लावलेली सवय जात नाय. कॉलेजातल्या दगडांच्या कपाटापुढं त्यांच्या जागी आता तू बसतेस, म्हणून चिठ्ठ्या तुला.

तू फोन करतेस ते मला कळतं, पण ऐकू येत नाय. तीस वर्षं सुरुंगाजवळ उभं राहिलेल्या माणसाच्या कानात एक शिट्टी वाजत राहते, तिच्या पलीकडून काही पोचत नाय. तुझी चाची अनवरी फोन धरते अन् मंग मला सांगते. तिच्याकडून दगडाची बातमी येत नाय, तू जेवलीस का नाय तेवढीच येते.

आमच्या गावच्या सोमनाथच्या शेतात नवी विहीर खोदतोय, काम अठ्ठावन्न फुटांवर आलंय. मी यारीवर असतो. खालचे लोक लोखंडी डोल भरतात, मी इंजिन लावून तो वर ओढतो. त्यातला प्रत्येक दगड माझ्या डोळ्याखालून जातो. चाळीस फुटांवर तांबड्या मातीची पट्टी लागली होती, दोन हात जाड. सर सांगायचे, एक लाव्हा थंड झाला अन् दुसरा यायचा होता, त्या मधल्या काळातली ही माती. या पट्टीच्या डोक्यावर एक पांढरा थर हाय. कुठं बोटभर, कुठं चार बोटं. गारगोटीसारखा नाय, चुन्यासारखाही नाय. काच वाळूवर घासावी तसा धूसर.

नेहमीसारखे मी सगळे दगड तेजाबाच्या पाण्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी काढले तर बाकीचे चकाकले अन् पांढरं गेलेलं. पाच नंबरच्या दगडावर खड्डे दिसतील. तिथं ते होतं. धुतलं ते चुकलं का, ते तू सांग.

परवापासून रोजे सुरू झालेत. अनवरीचा सलाम.

दाऊदचाचा


पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
८ मार्च २०२५

दाऊदचाचांना सलाम.

खोकं घरच्या पत्त्यावर मिळालं. दोन नंबरचा दगड पाहत मी बराच वेळ बसले. स्टिल्बाइटचे स्फटिक मोरपिसासारखे उघडलेत आणि एकाचंही टोक उडालेलं नाही. एसटीच्या टपावरून हे असं येऊ शकतं यावर कॉलेजात कुणी विश्वास ठेवणार नाही. चाचींना सांगा, त्यांनी भरलेला कापूस मी उशीत घालून ठेवणार आहे.

पाचव्याबद्दल. तेजाबात जाणारं पांढरं म्हणजे बहुतेक वेळा कॅल्साइट. ते जावं म्हणूनच आपण दगड तेजाबात घालतो. त्यामुळं तुमचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. पण कॅल्साइट असा तांबड्या पट्टीवर थर धरून बसलेला मी पाहिलेला नाही. पुन्हा मिळालं तर धुऊ नका. तेजाबाचा एक थेंब टाकून फेस येतो का पाहा. मग ते आणि कॅल्साइट एकमेकांवर घासा, ओरखडा कुणावर पडतो ते लिहा. जिभेचं टोक लावून चव सांगा.

मी यायला हवं. पण महिनाभर तरी जमणार नाही. परीक्षांचं काम आहे.

तुमची
अपेक्षा


लाखणवाडी
१२ मार्च

अपेक्षाबेटा,

मलब्याच्या ढिगात न धुतलेला एक खडा मिळाला. सुपारीएवढा.

तेजाबाचा थेंब टाकला. फेस नाय. शेजारी कॅल्साइट ठेवून त्यावर टाकला तर तो दूध उतू जावं तसा फसफसला. पांढरा गप्प बसून राहिला. मंग दोघं घासले. पांढऱ्यानं कॅल्साइटवर ओरखडा काढला, कॅल्साइटला पांढऱ्यावर काढता आला नाय.

रोज्यात दगड चाटायला सांगणारी तू पहिलीच. सूर्य बुडाल्यावर लावला जिभेला. चव लागली नाय. माझी जीभ तंबाखूनं मेलेली, म्हणून अनवरीला दिला. ती म्हणाली, "खजुरानंतर दगड. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, एवढंच राहिलं होतं." चव तिलाही लागली नाय.

एक गोष्ट तू सांगितली नव्हतीस. सर कधी कधी खडा ज्वालेत धरायचे. मीही धरला. तारेच्या टोकाला गुंडाळून, आमच्या गॅसवर. आधी तो लाहीसारखा तडतडला, अर्धा ओट्यावर उडाला. उरलेला धरून ठेवला तर ज्वाला हिरवी झाली. बेटा, राव्याच्या पंखासारखी हिरवी.

खडा त्यातच संपला. आणखी हवा तर पट्टीपाशी उतरावं लागेल, अन् सोमनाथ कुणाला तिथं थांबू देत नाय. पट्टी भिजली की घसरते. त्याचंही बरोबर हाय, खाली माणसं असतात. खालच्या काळ्या दगडाला बांधकाम लागत नाय, पण पट्टीपासून वर भिंत घालावीच लागेल. बन्सी गवंडी पाडव्यानंतर हात घालणार. दोन दिवसांत पांढरं भिंतीमागं जाईल, मंग ते कुणालाच दिसणार नाय. त्याआधी तू येऊन बघावंस.

असंच पांढरं मी एकदा सरांकडं नेलं होतं. लई वर्षं झाली. याच शिवारातल्या जुन्या विहिरीतलं. तेव्हापासून कॉलेजातले लोक मला खडूवाला म्हणायला लागले. मी आत आलो की कुणीतरी फळ्याकडं बोट करायचं. ते असू दे.

दाऊदचाचा


पडेगाव
१६ मार्च

दाऊदचाचांना सलाम.

तुम्ही तार कसली वापरली?

विहिरीवर एकच तार हाताशी असते, सुरुंगाला लावायची. ती तांब्याची असते. तांबं ज्वालेत धरलं की ज्वाला हिरवी होते. म्हणजे तुम्ही जी पाहिली ती बहुधा तारेची ज्वाला होती, खड्याची नव्हे.

हिरव्याचा अर्थ काय झाला असता तेही सांगते. खड्यात बोरॉन असलं तरी ज्वाला हिरवी होते. सराफ दागिना सांधायला डाग देताना जो टाकणखार वापरतात, त्या घराण्यातलं खनिज, म्हणजे बोरेट. आपल्या काळ्या दगडात असं खनिज थर धरून सापडल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. ते असायचं तर दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तिथं खारं तळं हवं, आणि ते तळापर्यंत आटायला हवं. एवढं मोठं विधान गॅसवरच्या एका ज्वालेवर करता येत नाही. फेस आला नाही हेही एकट्यानं पुरेसं नाही, थंड तेजाबात न फसफसणारी इतर खनिजं आहेत.

मला वाटतं आपण हे इथं थांबवावं. बाबांनीही हेच सांगितलं असतं.

उन्हात यारीवर बसताना डोक्यावर ओला रुमाल ठेवा.

अपेक्षा


लाखणवाडी
१९ मार्च

अपेक्षा,

तार सुरुंगाचीच होती. न बघता ओळखलंस. सरांची मुलगी शोभतेस.

इथं सगळं त्या तारेवर चाललंय. फाटक तिनंच बांधलेलं, अनवरीचे कपडे तिच्यावरच वाळतात. मी लिहितोय त्या चष्म्याची दांडीही तिनंच धरून ठेवलीय. हात तिच्याकडंच जातो. ती तांब्याची हाय हे मला माहीत नव्हतं असं नाय. त्या वेळी आठवलं नाय.

पण एक लिहितो. सर असते तर त्यांनी मला काय सांगितलं असतं ते मला चांगलं माहीत हाय. तरी दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं आले असते. मला खडूवाला म्हणायला का होईना, आले असते. पडेगावहून वैजापूर काही परदेशात नाय. तू महिनाभर येत नाय म्हणतेस, याचा अर्थ मला कळतो.

पाडवा तीस तारखेला हाय. मी त्रेसष्ट वर्षांचा. पुढच्या वेळी या शिवारात विहीर खोदतील तेव्हा यारीवर मी नसेन, अन् जो असेल त्याला डोल रिकामा करायची घाई असेल. भिंत एकदा झाली की मी बघितलं होतं म्हणून सांगणारा फक्त मीच. तो तर खडूवाला.

मी पुन्हा करून बघतो. तू सांगितल्याशिवाय.

दाऊद


लाखणवाडी
२४ मार्च

अपेक्षाबेटा,

तुझ्या उत्तराची वाट बघितली नाय. सोबत डब्यात न धुतलेले तीन खडे हायेत. सोमनाथच्या माणसानं पट्टीवरून काढून दिले.

आधी नुसती तार ज्वालेत धरली, खड्याशिवाय. हिरवी झाली, कडेनं निळसर. म्हणजे तुझं बरोबर होतं. तार बाजूला टाकली.

मंग वैजापुरात सराफाकडं जाऊन टाकणखार आणला. खरा बोरॉनवाला कसा जळतो हेच माहीत नसेल तर खोटा कसा ओळखणार? सर कधी कधी बशीत भुकटी घेऊन तिच्यावर तीव्र तेजाब अन् स्पिरिट टाकून पेटवायचे, ते मला आठवत होतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं तेजाब सोमनाथकडून आणलं, स्पिरिट औषधाच्या दुकानातून. पाच बश्या घेतल्या. एकीत टाकणखार, एकीत पांढरा, एकीत कॅल्साइट, एकीत गारगोटी, एक नुसती. बशीच्या बुडाला नंबर घातले.

उजेडात ज्वाला कळत नाय. धान्याची पत्र्याची कोठी रिकामी होती, ती अंगणात आडवी पाडली. बशी आत टोकाला ठेवायची, बाहेरून काठीनं पेटवायची. बघायला मी बसलो नाय. मला हिरवं बघायचंच होतं, म्हणून माझ्या डोळ्यावर माझा भरवसा नव्हता. अनवरीला कोठीच्या तोंडाशी बसवली, डोक्यावरून गोधडी घातली. कोणत्या बशीत काय ते तिला सांगितलं नाय. तिनं फक्त रंग सांगायचा, मी लिहायचा.

भर दुपारी, रोज्यात, बाई गोधडीत अन् गोधडी कोठीत. गल्लीतली कडूबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाभी, दाऊदभाईनं कोंडलं का तुम्हाला?" अनवरी आतूनच म्हणाली, "दगडासंगं निकाह लावलाय त्यानं माझा, तू जा."

पाच बश्या तिनं तीनदा बघितल्या, दर वेळी क्रम बदलून. पंधरा ज्वाला. त्यातल्या सहा तिनं हिरव्या सांगितल्या. तीन टाकणखाराच्या. तीन पांढऱ्याच्या. बाकी नऊ निळ्या, नाय तर पिवळसर. एकदाही ती चुकली नाय. तार कुठंच नव्हती.

कागद सोबत हाय. बश्या ईदच्या होत्या, त्या आता घरात घ्यायच्या नायत असं ठरलंय.

दाऊदचाचा

अपेक्षा, मी अनवरी लिहिते. सोमनाथच्या कोणत्याही माणसानं खडे दिले नायत. हे स्वतः डोलात बसून चाळीस फूट उतरले होते. रोजा असताना. पट्टी घसरते हे यांनीच तुला लिहिलंय. मला दुसऱ्याकडून कळलं. तू सांग यांना काही.


पडेगाव
२७ मार्च

दाऊदचाचांना आणि चाचींना सलाम.

चाचा, तुम्ही मला खोटं लिहिलंत. मीही तुम्हाला लिहिलं होतं.

परीक्षांचं काम नाही. माझा उजवा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. फेब्रुवारीत तुम्ही पाठवलेलं खोकं उचलून मी कॉलेजच्या जिन्यानं चढत होते. कठड्याला धरायला हात मोकळा नव्हता. दगड वाचले. तुमच्या खोक्यापायी झालं हे कळलं तर तुम्ही पुन्हा एकही दगड पाठवणार नाही, अशी मला भीती वाटली. आणि तुम्ही काम सोडून इथं येऊन बसला असता. म्हणून लिहिलं नाही. त्याचा तुम्ही काय अर्थ लावाल हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाबांचं नाव घालून पत्र लिहिताना तर मुळीच नाही.

काल रिक्षानं कॉलेजात गेले. शिपाई आणि सोनिया नावाची एक विद्यार्थिनी, दोघांनी धरून वर नेलं. तुमचे खडे तपासले. हिरवी ज्वाला. पाच वेळा. तडतडतात, फेस नाही, कॅल्साइटपेक्षा कठीण. मी सोनियाला म्हणाले, हे बोरेट आहे, आणि हे मी ओळखलेलं नाही. कोणतं बोरेट ते क्ष-किरणांनी ठरेल. नमुना बाहेर पाठवावा लागतो, दोन महिने जातात.

मग मी तुमचा कागद मुलांपुढं ठेवला. पंधरा ओळी, अक्षर तुमचं. मी सात वर्षं शिकवते आहे. नुसती तार वेगळी जाळून पाहा असं मी तुम्हाला लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. टाकणखार शेजारी ठेवा असंही नाही. आणि ज्याला उत्तर हवंय त्यानं पाहायला बसू नये, हे तर मी कधी कुणाला शिकवलेलंच नाही, कारण ते मला इतकं स्वच्छ कळलेलं नव्हतं. एका मुलानं विचारलं, हे सर कुठल्या विद्यापीठात असतात? मी म्हणाले, यारीवर.

प्लॅस्टर सात एप्रिलला निघेल. सोमनाथना विचारा, बन्सीभाऊ आठ दिवस थांबतील का. थर जागेवर असताना पाहिला, मोजला, त्याचे फोटो घेतले, तरच तो खरा. सुटा खडा कुणीही कुठूनही आणू शकतो, असंच लोक म्हणणार.

आणि पुन्हा उतरू नका. हे मी चाचींच्या वतीनंही लिहिते आहे.

अपेक्षा


लाखणवाडी
३ एप्रिल

अपेक्षाबेटा,

पायाचं वाचल्यापासून अनवरी दोन दिवस बोलली नाय. कुणाशी ते विचारू नकोस. ईदच्या सेवया केल्या, तुझ्यासाठी सुका मेवा अन् भाजलेल्या सेवया वेगळ्या बांधल्यात. दूध तिकडं घाल. यापुढं खोकी लहान करीन, एका हातात मावतील एवढी.

सोमनाथनं ऐकलं नाय. रागावून नाय, त्याची अडचण खरी हाय. सोमवारी पट्टीचं टोपलंभर ढेकूळ खाली पडलं. खाली माणूस नव्हता म्हणून बरं. तो म्हणाला, "चाचा, तुमच्या दगडापायी मी कुणाचं डोकं फोडून घेऊ?" त्याच्या जागी मीही थांबलो नसतो. बन्सीनं कालपासून दगड रचायला घेतले.

आज सकाळी सोमनाथची आई विहिरीवर आली. आशाबाई. भाकरी घेऊन रोज येतात. मी यारीवर गप्प बसलेला त्यांना दिसलो असणार. काय झालं विचारलं, कानापाशी येऊन, मोठ्यानं. मी खिशातला खडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी उन्हात धरून बघितला. म्हणाल्या, "एवढं काय हाय यात?"

मी तू लिहिलेलं सांगितलं. इथं माणूस नव्हता, गाय नव्हती, झाडंही निराळी होती, तेव्हा इथं तळं होतं. खारं. ते आटलं, त्याचा हा तळ.

त्या खड्याकडं बघत राहिल्या. मंग म्हणाल्या, "म्हंजे पाणी होतं इथं."

व्हय म्हणालो.

त्यांनी काठावरून वाकून बन्सीला हाक मारली. विहिरीत दिव्याला कोनाडा ठेवतोस ना, म्हणाल्या. बन्सी खालून म्हणाला (त्याचं बोलणं मला मंग आशाबाईंनी सांगितलं), तो वर ठेवणार, पाणी चढतं त्याच्या वर, नेहमीसारखा. आशाबाई म्हणाल्या, अजून एक ठेव. चाचा बोट दाखवतील तिथं, अन् त्याच्या मागं दगड घालू नको. बन्सी म्हणाला, "मावशी, चाळीस फुटांवर दिवा लावाय कोण उतरणार? अन् मागं दगड नाय घातला तर मागची माती दिसंल की." आशाबाई म्हणाल्या, "दिसू दे. त्यासाठीच हाय."

आईपुढं सोमनाथ बोलत नाय.

तर संध्याकाळपर्यंत कोनाडा झालाय. हातभर रुंद, दीड हात उंच. वर आडवा दगड टाकलाय, पट्टी आता घसरत नाय. मागं भिंत नाय, तांबडी माती अन् तिच्यावर पांढरं, उघडं. बन्सीनं कडा घासून गोल केल्या, का ते मला कळलं नाय. देवाच्या कोनाड्याच्या करतात तशा. विचारलं तर म्हणाला, हात तसाच वळतो.

आता घाई नाय. पाय नीट होऊ दे. मंग ये.

दाऊदचाचा


पडेगाव
२९ मे

दाऊदचाचांना सलाम.

एप्रिलात तुमच्याकडून परतल्यापासून लिहिलं नाही. निकालाची वाट पाहत होते. काल आला. ते कॅल्शियमचं बोरेट आहे, यात आता शंका नाही. पूर्ण नाव ठरवायला आणखी एक तपासणी लागेल, पण ती नावापुरती. काय आहे ते तुम्ही मार्चमध्येच सांगितलं होतं.

डोलातून मला उतरवताना तुम्ही इंजिन इतकं हळू सोडलंत की मला भिंतीतला दगडन् दगड मोजता आला. कोनाड्यासमोर डोल थांबला तेव्हा मी आधी मोजमाप घेतलं नाही. नुसती पाहत राहिले. वरून तुम्ही ओरडून विचारत होता, दिसलं का. मी उत्तर देत होते आणि ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आता लिहून देते. दिसलं.

एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही. पाय बांधून घरी होते तेव्हा बाबांच्या वह्या काढल्या होत्या. तुमच्या विहिरीवर आले तेव्हा त्यांतली एक वही माझ्या पिशवीत होती. काढायचं धाडस झालं नाही. त्यातल्या ११ जानेवारी १९९६ च्या पानावर बाबांच्या अक्षरात असं आहे:

"दाऊदने आणलेला पांढरा खडा तेजाबात ठेवला. सकाळी काही उरले नाही. टाकताना फेस आला नव्हता. कॅल्साइट असेल तर फेस का नाही? दाऊदला विचारावे."

पुढची ओळ दुसऱ्या दगडाबद्दल आहे. मी ती वही शेवटापर्यंत वाचली, पुढच्या दोन वह्याही. त्यांनी तुम्हाला विचारल्याची नोंद कुठं नाही. त्यांना शंका आली होती आणि ती त्यांनी तुमच्यापर्यंत पोचू दिली नाही. खडूवाला हा शब्द कुणी काढला तेही वहीत नाही, पण मला अंदाज आहे. मी त्यांच्या वतीनं माफी मागू शकत नाही. फक्त लपवू शकले असते, आणि आपण दोघांनी या वर्षी पुरेसं लपवलं.

बाबांच्या कपाटात चारशेच्या वर दगड आहेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर सापडल्याचं ठिकाण आहे, तारीख आहे, आणि संग्राहक म्हणून बाबांचं नाव. त्यांतले निम्मे तरी तुमच्या यारीवरून वर आलेत. ते मी एकेक करून दुरुस्त करते आहे. नव्या दगडाची चिठ्ठी मात्र आधी लिहिली. सोबत पाठवते. तुम्ही पाहिल्याशिवाय चिकटवणार नाही.

कॅल्शियमचे बोरेट.
सोमनाथ यांची विहीर, लाखणवाडी, ता. वैजापूर. खोली ४० फूट, तांबड्या पट्टीवर.
कोणाला सापडले: शेख दाऊद शेख हुसेन.
कोणी ओळखले: शेख दाऊद शेख हुसेन.

अपेक्षा


लाखणवाडी
४ जून

अपेक्षाबेटा,

चिठ्ठी वाचली. अनवरीला वाचून दाखवली, आशाबाईंना नेऊन दाखवली. आशाबाईंनी सोमनाथचं नाव कुठं हाय ते बोट ठेवून बघून घेतलं. सोमनाथ विहिरीवर येईल त्याला आता कोनाडा दाखवतो. वरून काही दिसत नाय, तरी दाखवतो.

खडूवाला हा शब्द सरांचाच. मला तेव्हापासून माहीत हाय. मी दारात होतो, कान तेव्हा चांगले होते. पण सरांनी विचारायचं म्हणून लिहून ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. ते पान मी तीनदा वाचलं, तू उतरवून दिलेलं. सरांनी मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून शोधलं असतं एवढंच. तेही काही कमी नव्हतं म्हणा.

चिठ्ठीत चुका हायेत. दुरुस्त करून परत पाठवतोय. मी ओळखलं असं लिहिलंस, ते खरं नाय. मी बश्या मांडल्या. रंग अनवरीनं सांगितले, पंधराच्या पंधरा. तिथं अनवरी शेख दाऊद लिही. ती नको नको म्हणतेय, पण चिठ्ठी हातातून सोडत नव्हती.

अन् खाली एक ओळ वाढव. असल्या खड्याला फेस येत नाय हे पहिल्यांदा बद्रीनाथ सरांनी बघितलं, ११ जानेवारी १९९६. तारखेसकट लिही. जागा कमी पडली तर माझं नाव बारीक कर.

मंग चिकटव. अन् चिकटवायच्या आधी दगड धुऊ नकोस.

दाऊदचाचा